लांडगा आला तर मेंढपाळाने काय करायचं?

२६ ऑगस्ट २०२५ रोजी जेरुसलेमच्या दोन धर्मपीठांनी, एक कॅथलिक आणि एक ग्रीक ऑर्थोडॉक्स, मिळून एक छोटंसं निवेदन काढलं. इस्रायली सैन्य गाझा शहर ताब्यात घ्यायच्या तयारीत होतं आणि रहिवाशांनी दक्षिणेकडे निघून जावं असं सांगितलं जात होतं. शहरातल्या दोन चर्चच्या आवारात, होली फॅमिली आणि सेंट पोर्फिरियस इथे, युद्ध सुरू झाल्यापासून शेकडो माणसं आसऱ्याला होती. म्हातारी माणसं, बायका, लहान मुलं. शिवाय मदर तेरेसांच्या सिस्टर्स वर्षानुवर्षं सांभाळत आलेले अपंग लोक. निवेदनाचं म्हणणं असं होतं: राहायचं की जायचं हे प्रत्येकाने आपापल्या सद्सद्विवेकाला विचारून ठरवावं. पण आवारातले बरेच जण उपासमारीने इतके खंगलेत की त्यांना दक्षिणेला हलवणं ही मृत्युदंडाचीच शिक्षा ठरेल. म्हणून फादर आणि सिस्टर्स इथेच राहणार.

याच्या महिनाभर आधी, १७ जुलैला, होली फॅमिली चर्चवर इस्रायली तोफगोळा आदळून तीन जण दगावले होते. तिथले मुख्य धर्मगुरू फादर गाब्रिएल रोमानेल्ली यांच्या पायाला इजा झाली होती. राहणं म्हणजे काय, हे निवेदन काढणाऱ्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

अशी बातमी वाचली की आपल्या तोंडून दोनपैकी एक वाक्य निघतं. 'धन्य आहेत ही माणसं', नाहीतर 'उगाच जीव कशाला धोक्यात घालायचा?' दोन्ही वाक्यं विषय झटक्यात मिटवून टाकतात. खुद्द धर्मगुरूंमध्ये मात्र हा वाद सोळा-सतराशे वर्षं चालू आहे आणि त्यात बरीच बारीकसारीक, व्यवहारी विचारपूस झालेली आहे.

आधी एक गोष्ट समजून घेऊ. धर्मगुरू निघून गेला तर नेमकं काय अडतं? सगळ्या धर्मांत सारखं अडत नाही. इस्लाममध्ये नमाज पढवायला नेमलेला इमामच हवा असं नाही, जाणकार असा कुणीही पुढे उभा राहू शकतो. यहुदी परंपरेत सामूहिक प्रार्थनेला दहा प्रौढ लागतात (सनातनी पंथांत दहा पुरुष), रब्बी असलाच पाहिजे असं नाही. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये मात्र मिस्सा (भाकर आणि द्राक्षारसाची मुख्य उपासना) अर्पण करणं, पापांची कबुली ऐकून क्षमा देणं, मरणाऱ्याला तेल लावणं ही कामं दीक्षित धर्मगुरूच करू शकतो. अडीअडचणीला बाप्तिस्मा कुणीही देऊ शकतं, पण बाकीचं नाही. त्यामुळे वेढ्यात सापडलेल्या गावातला एकुलता एक फादर निघून गेला, तर श्रद्धावंताच्या लेखी ऐन मरणाच्या वेळी दारच बंद होतं. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स मंडळींत हा वाद एवढा तापतो त्याचं एक कारण हे.

दुसरं कारण धर्मशास्त्राबाहेरचं आहे. युद्धात धर्मगुरू हा बहुतेक वेळा गावातला शेवटचा 'पत्ता' असतो. कचेऱ्या बंद, पोलीस गायब, डॉक्टर गेलेले. चर्चच्या किंवा मशिदीच्या किल्ल्या त्याच्याकडे, विहीर आवारात, कोण मेलं आणि कुठे पुरलं हे त्याच्या वहीत, आणि बाहेरच्या जगाला फोन लावायचा तर नंबरही त्याच्याचकडे.

आता मूळ पेच. बायबलमध्ये दोन्ही बाजूंना आधार सापडतो. योहानाच्या शुभवर्तमानात येशू म्हणतो की चांगला मेंढपाळ मेंढरांसाठी आपला प्राण देतो. मोलाने ठेवलेला मात्र लांडगा येताना दिसला की पळतो. आणि मत्तयाच्या शुभवर्तमानात तोच येशू शिष्यांना सांगतो की एका गावात छळ झाला तर दुसऱ्या गावी पळून जा. संत पौल तर दमास्कसच्या तटावरून टोपलीत बसून उतरला आणि निसटला. पळणं हे पाप असेल तर अर्ध्या प्रेषितांचं काय करायचं?

तिसऱ्या शतकातल्या कार्थेजच्या बिशप सिप्रियनने दोन्ही उत्तरं एकाच आयुष्यात दिली. सन २५० मध्ये सम्राट डेसियसने छळ सुरू केला तेव्हा तो लपला आणि लपूनच पत्रं लिहून मंडळीचा कारभार पाहत राहिला. त्याबद्दल त्याला बरंच ऐकून घ्यावं लागलं. आठ वर्षांनी पुन्हा छळ सुरू झाला तेव्हा त्याला शिक्षेसाठी दुसऱ्या गावी नेण्याचं घाटत होतं, तर तो म्हणाला की मरायचं तर माझ्या गावात, माझ्या लोकांसमोर. १४ सप्टेंबर २५८ ला कार्थेजमध्ये त्याचा शिरच्छेद झाला.

पण या प्रश्नाची खरी उकल केली ती संत ऑगस्टीनने. सन ४२९ च्या सुमाराची गोष्ट. व्हँडल टोळ्या स्पेनमधून समुद्र ओलांडून उत्तर आफ्रिकेत उतरल्या होत्या आणि गावांमागून गावं पडत होती. होनोरातुस नावाच्या एका बिशपने ऑगस्टीनला विचारलं, आम्ही काय करायचं? त्यावर ऑगस्टीनने लिहिलेलं लांबलचक पत्र आजही उपलब्ध आहे. मला ते पत्र आवडतं, कारण त्यात शौर्याचे पोवाडे कमी आणि प्रश्न जास्त आहेत.

पहिला प्रश्न: धोका कुणाला आहे? सगळ्यांना, की फक्त तुला? शत्रू विशेषतः तुझ्याच मागावर असेल, आणि तू गेल्यावर लोकांची सेवा करायला दुसरे धर्मगुरू असतील, तर खुशाल जा. पौलाची टोपली या खान्यात बसते. राजाला तो एकटाच हवा होता, आणि दमास्कसच्या मंडळीला बाकीचे होते. पण धोका सगळ्यांवर सारखाच असेल तर ज्यांना तुझी गरज आहे त्यांना टाकून जाता येत नाही.

दुसरा प्रश्न: लोक जाऊ शकतात का? सगळा गावच सुरक्षित जागी निघाला असेल तर धर्मगुरूनेही त्यांच्याबरोबर निघावं. रिकाम्या चर्चची राखण करत बसण्यात काही अर्थ नाही. ऑगस्टीन स्पेनच्या बिशपांचा दाखला देतो. त्यांच्यातले काही पळाले हे खरं, पण कधी? त्यांचे लोक पळून गेल्यावर, मारले गेल्यावर, वेढ्यात संपल्यावर किंवा कैद होऊन विखुरल्यावर. ज्यांचे लोक जागेवर राहिले ते बिशपही राहिले, आणि अशांची संख्या जास्त होती.

तिसरा प्रश्न मला सगळ्यात हुशारीचा वाटतो. सगळेच धर्मगुरू राहिले आणि सगळेच मेले, तर उद्या कोण? म्हणून काहींनी राहावं, काहींनी वाचावं. पण कोणी? भित्र्याने आपला जीव वाचवण्यासाठी 'मी उद्याच्या कामाचा' म्हणू नये, आणि गर्विष्ठानेही 'माझ्यावाचून चालणारच नाही' असं म्हणू नये. आपसांत ठरत नसेल तर चिठ्ठ्या टाका, असा ऑगस्टीनचा सल्ला आहे. एवढा मोठा तत्त्वज्ञ शेवटी चिठ्ठ्यांवर येतो, याचं पहिल्यांदा नवल वाटतं. पण त्यामागे माणसाची पारख आहे. अशा वेळी आपण स्वतःलाच ज्या सबबी सांगतो त्या सगळ्या खऱ्याच वाटतात, हे त्याला ठाऊक होतं.

या कसोट्या आजच्या काळात लावून पाहायच्या तर ग्वाटेमालाकडे जावं लागतं. १९८० च्या आसपास तिथे सैन्य आणि बंडखोरांच्या यादवीत आदिवासी गावं भरडली जात होती, आणि आदिवासींच्या बाजूने उभं राहणारे फादर व धर्मशिक्षक सैन्याच्या डोळ्यांत खुपत होते. किचे धर्मप्रांतात काही धर्मगुरू मारले गेले, बिशप हुआन हेरार्दी यांच्या जिवावर बेतलं. तेव्हा हेरार्दींनी फार मोठा निर्णय घेतला. त्यांनी अख्खा धर्मप्रांतच बंद केला आणि सगळ्या धर्मगुरूंना आणि सिस्टर्सना बाहेर काढलं. पुढे ते रोमला जाऊन परतले तर त्यांना देशात शिरूही दिलं नाही, आणि काही काळ परदेशात काढावा लागला.

जवळच्याच सांतियागो आतित्लान गावात स्टॅन्ली रॉदर नावाचे अमेरिकन फादर होते. ओक्लाहोमाहून १९६८ मध्ये आलेले, लोकांची त्झुतुहिल भाषा शिकलेले. आपल्या मूळ धर्मप्रांतातल्या लोकांना १९८० च्या नाताळात लिहिलेल्या पत्रात त्यांनी म्हटलं होतं की संकटाची पहिली चाहूल लागताच मेंढपाळाला पळता येत नाही. तरी जानेवारी १९८१ मध्ये त्यांना निघावंच लागलं, कारण मारायच्या माणसांच्या यादीत त्यांचं नाव आलं होतं. ऑगस्टीनच्या पहिल्या कसोटीप्रमाणे हे अगदी रास्त होतं: धोका विशेषतः त्यांनाच होता. पण घरी त्यांचं मन लागेना. ईस्टरसाठी ते परत गेले, आणि २८ जुलैला मारेकऱ्यांनी त्यांच्या राहत्या घरात त्यांना गोळ्या घातल्या. मृतदेह अमेरिकेला पाठवला गेला, पण गावकऱ्यांच्या आग्रहाखातर त्यांचं हृदय सांतियागो आतित्लानलाच ठेवलं.

रॉदर २०१७ मध्ये धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित झाले, त्यामुळे त्यांची गोष्ट पटकन सांगता येते. हेरार्दींची सांगायला अवघड जाते. ज्या लोकांना सर्वाधिक गरज होती त्यांच्यावर त्यांनी कुलूप घातलं, असं म्हणणारे होते. सगळे धर्मगुरू मेल्यानंतर कुलूप आपोआपच लागलं असतं, असंही म्हणता येतं. पुढचं एवढं नक्की: हेरार्दी परत आले आणि यादवीत काय काय झालं याच्या साक्षी गावोगाव गोळा करण्याचं काम त्यांनी उभं केलं. तो अहवाल, 'ग्वाटेमाला: पुन्हा कधीच नाही', २४ एप्रिल १९९८ ला जाहीर झाला. दोन दिवसांनी त्यांच्या घराच्या गॅरेजमध्ये त्यांचा खून झाला. १९८० मध्ये ते किचेमध्येच मेले असते तर तो अहवाल कदाचित झालाच नसता. म्हणून कुलूप बरोबर होतं का? मला अजून ठामपणे सांगता येत नाही.

ऑगस्टीनच्या पत्रात एक गोष्ट मात्र नाही, आणि आजच्या युद्धांत ती फार महत्त्वाची आहे. धर्मगुरूच्या राहण्याने इतरांचा धोका वाढतो का? एल साल्वादोरमध्ये १९७७ साली एका मारेकरी टोळीने सगळ्या जेझुइटांना (हा कॅथलिक धर्मगुरूंचा एक संघ) धमकी दिली होती की देश सोडा, नाहीतर मरा. जेझुइट राहिले. १६ नोव्हेंबर १९८९ च्या पहाटे सैनिकांनी सान साल्वादोरच्या विद्यापीठातल्या त्यांच्या घरात शिरून सहा जेझुइटांना ठार केलं. त्यांनी मरणाची शक्यता गृहीत धरलेली होती. पण त्या रात्री एल्बा रामोस ही स्वयंपाकीण आणि तिची मुलगी सेलिना याही तिथे होत्या. शहरात लढाई पेटली होती आणि फादरांच्या घरी जास्त सुरक्षित राहू, असं त्यांना वाटलं होतं. साक्षीदार नकोत म्हणून त्या दोघींनाही मारलं. सहा जणांनी निवड केली होती. या दोघींनी फक्त आसरा मागितला होता.

परदेशी धर्मगुरूच्या बाबतीत हा हिशेब आणखी गुंतागुंतीचा होतो. त्याचं अपहरण झालं की खंडणी, वाटाघाटी, दूतावास हे सगळं मागे लागतं. येमेनमधल्या एडनमध्ये मार्च २०१६ मध्ये मदर तेरेसांच्या चार सिस्टर्ससह सोळा जण मारले गेले आणि फादर टॉम उझुन्नालिल यांना पळवून नेलं. ते सुटले सप्टेंबर २०१७ मध्ये. अशा ठिकाणी परदेशी फादरपेक्षा स्थानिक माणूस कमी नजरेत येतो हे खरं. पण त्याच न्यायाने परदेश्याला विमान मिळतं आणि स्थानिक फादरला मिळत नाही, हेही खरं. 'राहिले की गेले' असं विचारताना जायची सोय कुणाकुणाला होती, हेही विचारायला हवं.

मग निर्णय घ्यायचा कोणी? कॅथलिक चर्चच्या कायद्याप्रमाणे पॅरिशच्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीच्या, धर्मगुरूने त्या पॅरिशमध्येच राहायचं असतं, वर्षाकाठी फार तर महिनाभर सुट्टी. पण तो नियम शांततेच्या काळातल्या कामचुकारांसाठी आहे. मर, असा हुकूम त्यातून काढता येत नाही. बिशप धर्मगुरूला 'निघून ये' असं सांगू शकतो. 'थांब आणि मर' हे मात्र ज्याचं त्याने स्वतःच म्हणायचं असतं. ऑर्थोडॉक्स पॅरिशचे बरेचसे फादर, प्रोटेस्टंट पाळक, रब्बी, इमाम हे संसारी असतात. बायकोमुलांचा जीव आपल्या व्रतात ओढायचा अधिकार त्यांना कुणी दिला, हाही रास्त प्रश्न आहे. पुष्कळ जण कुटुंबाला बाहेर पाठवून स्वतः मागे राहतात. त्यांना भेकड म्हणणारेही असतात आणि बेजबाबदार म्हणणारेही, कधी कधी एकाच घरात.

एकत्र निर्णय कसा घ्यावा याचं उदाहरण अल्जीरियात सापडतं. योगायोग असा की ऑगस्टीन जिथे बिशप होता ते हिप्पो, आजचं अन्नाबा, याच देशात आहे. तिबहिरिनच्या मठातले ट्रॅपिस्ट या कॅथलिक पंथाचे संन्यासी एकाच मठात आयुष्य काढायचं व्रत घेतलेले होते. १९९३ च्या नाताळच्या आदल्या रात्री हत्यारबंद इस्लामी बंडखोर मठात शिरून गेले. त्याच्या काही दिवस आधी जवळच बारा क्रोएशियन कामगारांची हत्या झाली होती. संन्याशांनी चर्चा केली, मतदान केलं, पुन्हा चर्चा केली. कुणाला जायचं असेल तर त्यावर दोष नाही, हे गृहीत धरून. त्यांची 'मंडळी' कोण होती? आजूबाजूचे मुसलमान गावकरी, ज्यांना ब्रदर ल्यूक दवाखान्यात फुकट तपासत. मार्च १९९६ मध्ये सात संन्याशांना पळवून नेलं आणि पुढे ते मारले गेले. मठाचे प्रमुख क्रिस्तियान द शेर्जे यांनी आधीच एक पत्र लिहून ठेवलं होतं: माझा खून झाला तर त्यावरून अल्जीरियाच्या लोकांना किंवा इस्लामला दोष देऊ नका.

कायद्याचं थोडक्यात. १९४९ चे जिनिव्हा करार आणि त्यांना १९७७ मध्ये जोडलेला पहिला पूरक करार (प्रोटोकॉल) धर्मगुरूंना संरक्षण देतात. वेढलेल्या भागात सर्व धर्मांच्या सेवकांना जाऊ देण्यासाठी दोन्ही बाजूंनी स्थानिक करार करायचा प्रयत्न करावा, असं चौथ्या करारात म्हटलंय. सैन्याबरोबरचा धर्मगुरू शत्रूच्या हाती लागला तर त्याला युद्धकैदी धरायचं नाही, पण कैद्यांना गरज असेल तोवर त्यांच्यासाठी ठेवून घेता येतं. थोडक्यात, धर्मगुरू लोकांजवळच असणार हे कायदा धरूनच चालतो. गोळी कायदा वाचून येत नाही, ही गोष्ट वेगळी.

निघून जाणं म्हणजे हार, असं समजणाऱ्यांनी इतर परंपरांकडे जरा पाहावं. इस्लामी कालगणना एका निघून जाण्यापासूनच सुरू होते: ६२२ मध्ये पैगंबर मक्का सोडून मदिनेला गेले तिथून. रोमनांनी जेरुसलेमला वेढा घातला होता तेव्हा योहानान बेन झक्काई हे रब्बी शवपेटीत लपून शहराबाहेर पडले, अशी यहुदी परंपरा सांगते. मंदिर जळाल्यावर याव्हने इथे त्यांनी जी पाठशाळा उभी केली तिच्यामुळे धर्म टिकला. याउलट बर्लिनचे रब्बी लिओ बेक यांना नाझींच्या काळात देश सोडायच्या संधी मिळूनही ते गेले नाहीत. १९४३ मध्ये त्यांना तेरेझिनश्टाटच्या छावणीत नेलं, तिथून ते जिवंत परतले. तिबेटात दलाई लामा मार्च १९५९ मध्ये ल्हासाहून निसटले आणि परक्या भूमीवर धर्माची घडी पुन्हा बसवू शकले. दहावे पंचेन लामा, दलाई लामांच्या खालोखालचे धर्मगुरू, मागे राहिले, १९६२ मध्ये चिनी सरकारला लोकांच्या हालाखीचा सत्तर हजार अक्षरांचा अर्ज लिहिला आणि त्यापायी वर्षानुवर्षं कैदेत गेले. यातलं कोणतं पारडं जड, हे मी तरी ठरवणार नाही.

आणि नुसतं राहणं हा काही गुण नाही. रवांडात तुत्सी लोकांचा वंशसंहार चालू असताना, १९९४ च्या एप्रिलमध्ये, न्यांगेच्या चर्चमध्ये सुमारे दीड हजार तुत्सी आसऱ्याला आले होते. तिथले फादर अथानाझ सेरोंबा गावातच होते. ते चर्च बुलडोझरने आतल्या माणसांवर पाडलं गेलं, आणि त्यातल्या सहभागाबद्दल आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने २००८ मध्ये सेरोंबांची शिक्षा वाढवून जन्मठेप केली. हा मेंढपाळ पळाला नव्हता. दुसऱ्या टोकाला, नायजेरियाच्या प्लॅटो राज्यात जून २०१८ मध्ये अब्दुल्लाही अबुबकर या म्हाताऱ्या इमामाने हल्लेखोरांपासून पळत आलेल्या २६२ ख्रिस्ती लोकांना आपल्या घरात आणि मशिदीत लपवलं आणि दारात उभं राहून हल्लेखोरांची मनधरणी केली. तो जागेवर होता म्हणून हे घडलं, आणि ते लोक त्याच्या मंडळीतले नव्हतेच.

गाझाचे फादर रोमानेल्ली यांच्याबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. ७ ऑक्टोबर २०२३ ला ते गाझात नव्हतेच. कामासाठी बेथलेहेमला गेले होते आणि बाहेरच अडकले. सात महिने बाहेरून फोनवर आपली माणसं सांभाळत होते. मे २०२४ मध्ये जेरुसलेमच्या कॅथलिक धर्मपीठाचे प्रमुख कार्डिनल पिझ्झाबाल्ला यांच्याबरोबर त्यांना आत जाता आलं, तेव्हा ते आत गेले आणि तिथेच राहिले.

आणि ऑगस्टीन? पत्र लिहिल्यावर थोड्याच काळात व्हँडलांनी हिप्पोलाच वेढा घातला. वेढ्याच्या तिसऱ्या महिन्यात तापाने फणफणून, २८ ऑगस्ट ४३० ला तो तिथेच गेला. त्याचं चरित्र पॉसिडियस या बिशपने लिहिलं, आणि होनोरातुसला लिहिलेलं ते पत्र मुद्दाम त्यात जसंच्या तसं उतरवून घेतलं. पॉसिडियस कालामा नावाच्या दुसऱ्या गावचा बिशप होता. वेढ्याच्या काळात हिप्पोच्या तटाआड आसऱ्याला आलेल्या बिशपांमध्ये तोही होता, असं त्यानेच लिहून ठेवलंय.